पटावरचे एकसष्टावे मूल

खास प्रतिनिधी

दर वर्षी जून महिना उजाडला की महापालिकेच्या शाळांच्या फाटकावर फलक झळकू लागतात. मोफत पाठ्यपुस्तके, मोफत गणवेश, दप्तर, बूट, दुपारचे जेवण. खासगी शाळांच्या जाहिरातींच्या गर्दीत या फलकांकडे शहरातील मध्यमवर्गीय पालकाचे लक्ष क्वचितच जाते. 'पालिका शाळांच्या पटसंख्येत घट' हा मथळा मात्र वर्षातून एकदा तरी त्याच्या नजरेखालून जातो आणि एक सुस्कारा टाकून तो पान उलटतो. ही घट कोणत्या भाषेच्या, कोणत्या वस्तीतील आणि कोणत्या घरांतील मुलांची आहे, तसेच पट घसरल्यावर शाळेत नेमके काय बदलते, याचा उलगडा त्या मथळ्यातून होत नाही. पट हा आकडा दिसायला साधा आहे. प्रत्यक्षात शाळेला किती शिक्षक मिळणार, इमारतीत दिवा लागणार की नाही आणि एखाद्या वस्तीत विशिष्ट भाषेतून शिक्षण उरणार की नाही, हे सारे त्याच एका आकड्यावर ठरते.

पट आणि हजेरी या दोन शब्दांत सर्वसामान्य बोलण्यात फारसा फरक केला जात नाही. शिक्षण खात्याच्या लेखी मात्र त्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. मूल शाळेत दाखल झाले की त्याचे नाव जनरल रजिस्टरमध्ये चढते आणि त्याला क्रमांक मिळतो. दाखला घेऊन ते बाहेर पडेपर्यंत ते 'पटावर' असते. त्या दिवशी वर्गात किती मुले बसली आहेत, ती हजेरी. याखेरीज तिसरा एक आकडा असतो, तो दाखलपात्र मुलांचा. शाळेच्या परिसरात शाळेत येण्याच्या वयाची किती मुले आहेत, हे शिक्षकांनी घरोघर जाऊन मोजायचे असते. दाखलपात्र मुले, पट आणि हजेरी या तीन आकड्यांमधील अंतर हीच खरे तर प्राथमिक शिक्षणाची कहाणी आहे. परंतु वरिष्ठ कार्यालयात किंमत असते ती मधल्या आकड्याला.

रजिस्टर नावाचा दस्तऐवज

जनरल रजिस्टर हे केवळ शाळेचे खातेपुस्तक नव्हे. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, धर्म, जात, मातृभाषा, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि कारण इतक्या नोंदी त्यात असतात. दहा वर्षांनी एकदा होणाऱ्या जनगणनेपेक्षाही एखाद्या वस्तीचे सूक्ष्म चित्र या रजिस्टरातून दिसू शकते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ या क्रमांकावर नोंदले गेले. ती नोंद आजही दाखवली जाते आणि तो दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

जातीचा दाखला काढताना याच रजिस्टरांकडे धाव घ्यावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो. तो देण्याचे सर्वांत भरवशाचे ठिकाण म्हणजे आजोबांच्या गावची प्राथमिक शाळा. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा महसुली कागदांबरोबरच जुन्या शाळांचे प्रवेश-निर्गम उतारेही धुंडाळले गेले. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या तात्या मास्तरांनी बोरूने लिहिलेल्या एका शब्दावर आजच्या नातवाचे आरक्षण अवलंबून असावे, ही गोष्ट थोडी विचित्र आहे खरी. पण त्यामुळे या नोंदींचे मोल कळते.

आता याच रजिस्टरातील माहिती संगणकात भरली जाते. राज्यात २०१५ पासून 'सरल' ही प्रणाली आली, तर देशपातळीवर 'यू-डायस' आणि पुढे 'यू-डायस प्लस' ही व्यवस्था आहे. या दोन्हींत मुलांचे सामाजिक वर्गीकरण भरताना मुख्याध्यापकांची बरीच तारांबळ उडते. याचे कारण राज्य आणि केंद्र यांचे रकाने जुळत नाहीत. धनगर समाजाचे मूल राज्याच्या हिशेबात भटक्या जमाती (क) मध्ये असते, वंजारी समाजाचे (ड) मध्ये आणि बंजारा समाजाचे विमुक्त जाती (अ) मध्ये. केंद्राच्या रकान्यात ही तिन्ही मुले इतर मागासवर्गीय म्हणून एकत्र होतात. बौद्ध मुलाची गोष्ट आणखी वेगळी. १९९० मधील दुरुस्तीनंतर ते अनुसूचित जातीत मोजले जाऊ शकते आणि धार्मिक अल्पसंख्याकांच्या रकान्यातही ते असतेच. तेव्हा एखाद्या शाळेत इतके टक्के मागासवर्गीय आणि तितके टक्के अल्पसंख्याक, असे दोन आकडे घेऊन त्यांची बेरीज करणाऱ्याने आधी थोडे थांबावे. महाराष्ट्रात ही बेरीज हमखास चुकते.

साठ आणि एकसष्ट

पटाचा सर्वांत मोठा परिणाम होतो तो शिक्षकांच्या संख्येवर. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांचे प्रमाण दिले आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार, तर १२१ ते २०० मुलांना पाच. मुलांची संख्या दीडशेच्या वर गेली तर स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, प्रत्येक वर्गाला किमान एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी वेगवेगळे शिक्षक, अशी रचना आहे. या आधारावर दर वर्षी प्रत्येक शाळेला किती पदे द्यायची, हे ठरवण्याच्या प्रक्रियेला 'संचमान्यता' म्हणतात. शिक्षकांच्या खोलीत वर्षभर जितकी चर्चा परीक्षेची होत नसेल, तितकी या शब्दाची होते.

कागदावर हे गणित सरळ आहे. प्रत्यक्षात ते कसे चालते, हे समजण्यासाठी एक काल्पनिक शाळा घेऊ. पहिली ते पाचवी, पट ६१. कायद्याप्रमाणे तीन शिक्षक. पाच वर्ग तीन शिक्षकांत वाटायचे म्हणजे कोणीतरी दोन वर्ग एकत्र सांभाळणार; तरी ते निभावून नेता येते. एका मुलाच्या वडिलांचे काम सुटले, कुटुंब गावी गेले, मुलाने दाखला नेला. पट ६०. आता दोन शिक्षक. त्या एका मुलाबरोबर एक शिक्षक शाळेतून गेला. उरलेले दोघे पाच वर्ग सांभाळणार, त्यातील एक बहुधा मुख्याध्यापकाचा कार्यभारही पाहणार. पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीची यादी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचे काम आणि केंद्रशाळेतील बैठका ही कामे याच दोघांवर पडतात. ज्या दिवशी यातील एक बाहेर असेल, त्या दिवशी साठ मुले आणि एक गुरुजी. हे पाहणारा पालक पुढच्या जूनमध्ये आपले मूल दुसरीकडे घालतो. पट आणखी घसरतो. शिक्षक गेल्यामुळे पट घसरतो, की पट घसरल्यामुळे शिक्षक जातो, हा प्रश्न मग निरर्थक होतो.

कमी झालेला शिक्षक नोकरी गमावत नाही. तो 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचे अन्य शाळेत 'समायोजन' होते. म्हणूनच एकसष्टावे मूल टिकवण्यासाठी शिक्षक जे कष्ट घेतात, त्यात स्वार्थ आणि कळकळ यांची सरमिसळ असते. गुढीपाडव्याच्या सुमारास वस्तीत फिरून नवी नावे मिळवणे, रिक्षाचा खर्च पदरमोड करून भागवणे, हे प्रकार ठिकठिकाणी चालतात. त्याकडे कुत्सितपणे पाहण्याचे कारण नाही. व्यवस्थेनेच शिक्षकाला या स्पर्धेत उतरवले आहे.

राज्य सरकारने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. नवे पद मिळण्यासाठी लागणारी पटसंख्या त्यात वाढवण्यात आली. सहावी ते आठवीच्या अल्प पटाच्या वर्गांना शिक्षकपद नाकारणाऱ्या तरतुदीविरुद्ध शिक्षक संघटना त्या वर्षी रस्त्यावर उतरल्या होत्या. वीस मुलांसाठी स्वतंत्र शिक्षक परवडत नाही, असा हिशेबी युक्तिवाद एका बाजूला. त्या वीस मुलांना दुसरी शाळाच नसेल तर काय, हा प्रश्न दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या आहेत. पण हक्काच्या कायद्याने हक्क मुलाला दिला आहे, सरासरीला नाही, हे येथे विसरता येत नाही.

शाईचे तीन दिवस

एका आकड्यावर इतके सारे अवलंबून असेल, तर तो फुगवण्याचा मोह होणारच. तसा तो झाला. नांदेड जिल्ह्यातील तपासणीत बनावट पटाचा प्रकार उघड झाल्यानंतर राज्य सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यातील सर्व शाळांची एकाच वेळी पटपडताळणी केली. महसूल आणि अन्य खात्यांचे कर्मचारी शाळाशाळांतून गेले. एकच मूल दोन शाळांत उभे केले जाऊ नये म्हणून मतदानाप्रमाणे मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. पटावरील वीस लाखांच्या आसपास मुले प्रत्यक्षात सापडली नाहीत. पन्नास टक्क्यांहून कमी उपस्थिती असलेल्या शाळांची संख्या चौदाशेच्या घरात निघाली. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले आणि कारवाईचा प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळला.

त्या तीन दिवसांनी जनमानसात एक समज रुजवला, की गैरहजर मूल म्हणजे बनावट मूल. तो पूर्ण खरा नाही. अनुदान आणि पदे लाटण्यासाठी कागदावर मुले उभी करणाऱ्या संस्था होत्या, यात शंका नाही. परंतु पट आणि हजेरी यांच्यातील अंतराला एक दुसरेही कारण आहे, आणि ते कारण म्हणजे पोटापाण्यासाठी होणारे स्थलांतर. अनेक वर्षे संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबर हा दिवस प्रमाण मानला गेला. अहिल्यानगर, बीड किंवा मराठवाड्याच्या अन्य भागांतील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांची मुले वर्गात असतात, नोव्हेंबरमध्ये बाक रिकामे होतात. ही मुले कागदी नसतात, ती फडात असतात. त्यांच्यासाठी एके काळी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालल्या. नंतर मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांवर आणि जेथे जातील तेथे प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्डावर भर देण्यात आला.

शहरांतही हेच घडते, फक्त त्याचा हंगाम वेगळा असतो. बांधकामावरील मजुरांची मुले इमारतीबरोबर येतात आणि इमारत पूर्ण झाली की जातात. उत्तर भारतात गावी गेलेली कुटुंबे जून उलटला तरी परतलेली नसतात. कायदा या मुलांच्या बाजूने स्पष्ट आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून किंवा प्रवेशाची मुदत संपली म्हणून प्राथमिक शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि त्याला वेगळे प्रशिक्षण द्यायचे, असे चौथे कलम सांगते.

या उदार तरतुदींच्या वाटेत आता 'आधार' उभे राहिले आहे. बनावट पटावर उपाय म्हणून संचमान्यतेसाठी आधार क्रमांकाने पडताळलेली मुलेच धरण्याचे धोरण राज्यात आले. नावातील एक वेलांटी किंवा जन्मतारखेतील एक आकडा जुळला नाही, की नोंद अवैध ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले आहे. त्यामुळे मुलाचा प्रवेश अडत नाही. ते वर्गात बसते, खिचडी खाते, पाढे म्हणते. पण त्याच्यासाठी शिक्षक देण्याची वेळ येते तेव्हा ते मोजले न जाण्याचा धोका राहतो. असा फटका बसतो तो साहजिकच कागदपत्रे धड नसलेल्या घरांतील मुलांना, म्हणजे ज्यांच्यासाठी सार्वजनिक शाळा प्रामुख्याने उरली आहे त्यांनाच.

मोजणीची पद्धत बदलली की आकडा किती हलतो, याचे देशपातळीवरील उदाहरण बोलके आहे. 'यू-डायस प्लस'मध्ये २०२१-२२ पर्यंत शाळांकडून एकत्रित संख्या घेतली जात असे. २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद घेण्यास सुरुवात झाली. देशातील शालेय विद्यार्थ्यांची संख्या २०२१-२२ मध्ये सुमारे २६.५ कोटी होती, ती २०२३-२४ मध्ये २४.८ कोटी झाली. दीड कोटीहून अधिक मुले शाळा सोडून गेली, असा अर्थ काही जणांनी लावला. पद्धतच बदलल्याने ही तुलना सरळ करता येत नाही, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे म्हणणे आहे. दोनदा मोजलेली किती आणि खरोखर गळालेली किती, हे वेगळे करणे अवघड आहे.

गिरणगाव रिकामे, गोवंडी भरलेली

मुंबईकडे वळू. येथे प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. इतक्या भाषांत प्राथमिक शिक्षण देणाऱ्या नगरपालिका जगात फार नसाव्यात. या शाळांत २०१० च्या सुमारास चार लाखांहून अधिक मुले होती. त्या दशकाच्या अखेरीस ही संख्या तीन लाखांच्या आसपास आली. मराठी माध्यमाची घसरण याहून तीव्र आहे. २०१०-११ मध्ये पालिकेच्या मराठी शाळांत सुमारे एक लाख मुले होती. दहा वर्षांनी ती पस्तीस हजारांच्याही खाली गेली. मराठी शाळांची संख्या चारशेहून अधिक होती, ती तीनशेच्या आत आली.

'मराठी माणसाने मराठी शाळा सोडली' एवढे म्हणून हा विषय अनेकदा संपवला जातो. त्यात तथ्य आहेच. पण त्याआधी मराठी माणसाने मुंबई सोडली, हेही ध्यानात घ्यावे लागेल. जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती. ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. महानगर वाढत असताना त्याचा गाभा अडीच लाखांनी आकसला. १९८२ चा गिरणी संप, त्यानंतर बंद पडलेल्या गिरण्या, त्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मनोरे आणि डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकलेली कामगारांची दुसरी पिढी, या साऱ्याची नोंद परळ-लालबागच्या पालिका शाळांच्या पटात पडलेली आहे. मनोऱ्यांत राहायला आलेल्या कुटुंबांची मुले पालिकेच्या शाळेत येणार नव्हती. चाळीत खोलीमागे चार मुले असण्याचा काळही मागे पडला. राज्याचा एकूण जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १.७ नोंदला गेला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीच्या बराच खाली. मुलेच कमी जन्मत असतील तर पट कमी होणार, यात शाळेचा दोष नाही.

याच्या उलट चित्र पूर्व उपनगरात दिसते. गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्द हा पालिकेचा एम-पूर्व विभाग. शहराच्या अन्य भागांतून हटवलेल्या झोपडपट्ट्यांचे आणि प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन येथे झाले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग तळाशी होता. येथील उर्दू आणि हिंदी शाळांत वर्गखोल्या कमी पडतात, सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत शाळा भरवाव्या लागतात. एकाच महापालिकेत, एकाच शिक्षण समितीच्या अखत्यारीत, एका टोकाला रिकामी बाके आणि दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसलेली मुले. सरासरी काढली की दोन्ही दिसेनाशी होतात.

येथे एक तांत्रिक बाब समजून घेणे अगत्याचे आहे. पालिकेच्या भाषेत 'शाळा' म्हणजे इमारत नव्हे. एकाच इमारतीत मराठी शाळा क्रमांक एक, हिंदी शाळा क्रमांक दोन, उर्दू शाळा आणि आता 'मुंबई पब्लिक स्कूल' अशा चार शाळा नांदतात. प्रत्येकीचा पट वेगळा, मुख्याध्यापक वेगळा. म्हणून 'इतक्या शाळा बंद' या बातमीचा अर्थ इतक्या इमारतींना कुलूप लागले, असा नेहमीच होत नाही. बऱ्याचदा एका माध्यमाची शाळा शेजारच्या शाळेत विलीन होते आणि मोकळ्या खोल्यांत इंग्रजीचे वर्ग भरतात. इमारत गजबजलेलीच राहते. पण त्या पेठेतील तेलुगू किंवा कन्नड पहिली कायमची संपलेली असते. कामाठीपुऱ्यातील किंवा धारावीतील ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या या शाळांत मुले घातली, त्यांच्या नातवंडांना आता ती लिपी घरीच शिकावी लागणार.

पालिकेने २०२० पासून इंग्रजी माध्यमाच्या शाळांना 'मुंबई पब्लिक स्कूल' असे नाव दिले आणि जोगेश्वरीच्या पूनमनगरात सीबीएसई, तर माहीमच्या वूलन मिल येथे आयसीएसई मंडळाची शाळा सुरू केली. तेथील प्रवेशासाठी अर्जांची रांग लागते. २०२२ मध्ये 'मिशन अॅडमिशन, एकच लक्ष्य, एक लाख' अशी मोहीमही पालिकेने राबवली. कोरोनाच्या काळात रोजगार गेलेल्या अनेक पालकांनी खासगी शाळांची फी परवडेना म्हणून मुले पालिकेत आणली होती, त्या लाटेचा लाभ या मोहिमेला झाला. देशातील ग्रामीण भागातही तेव्हा हेच दिसले. 'असर' अहवालानुसार सहा ते चौदा वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर उतरले. हातात पैसा आला की पालक परतले. हा कौल शिक्षणमंत्र्यांनी आणि महापौरांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. बोधवाक्यांच्या मोहिमा नव्याने आलेली मुले मोजतात. पाचवीनंतर निघून गेलेली मोजत नाहीत.

मागे कोण उरले

जो निघू शकतो तो निघतो, हे एकदा मान्य केले की पटावर कोण उरते, याचा अंदाज बांधता येतो. घरकाम करणाऱ्या, फेरीचा धंदा करणाऱ्या, नाक्यावर उभे राहून रोजंदारी मिळवणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या कुटुंबांतील मुले. त्यांत दलित, मुस्लिम आणि परप्रांतीय कुटुंबांचे प्रमाण मोठे. आणखी एक गोष्ट आकड्यांत शांतपणे दडलेली असते. एकाच घरातील मुलगा खासगी इंग्रजी शाळेत आणि मुलगी सरकारी शाळेत, ही विभागणी देशभर आढळते. 'असर'च्या पाहण्यांत सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा सातत्याने अधिक दिसते. तेव्हा सरकारी वर्गात मुली अधिक दिसल्या म्हणून लगेच हुरळून जाण्याचे कारण नाही. फी भरण्याची ऐपत एकाच मुलापुरती असेल, तेव्हा ती कोणासाठी वापरली गेली, हे त्या वर्गाकडे पाहून कळते.

या घरांसाठी शाळा म्हणजे केवळ शिक्षण नव्हे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याचा शिजवलेला आहार मिळतो. पालिकेकडून २००७ पासून दप्तर, गणवेश, बूट, छत्रीपासून वह्यांपर्यंत २७ वस्तू देण्याची योजना आहे, जरी त्या कधी कधी पावसाळा संपता संपता हाती पडतात. मागासवर्गीय आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतील प्राथमिक वर्गांतल्या मुलींसाठी १९९२ साली दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. एक रुपयाचे मोल तेव्हाही फार नव्हते.

पालिकेच्या शाळेतून बाहेर पडण्याची आणखी एक वाट कायद्यानेच दिली आहे. विनाअनुदानित खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. सरकारी शाळांचा पट वाचवण्याचा हा आडमार्ग होता, असे म्हणता येईल. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो तगला नाही. गरीब मुलाला दुसरे दार बंद करून पट राखता येत नाही, एवढा बोध शासनाने त्यातून घेतला असेल तर बरे.

ग्रामीण महाराष्ट्रात प्रश्न आणखी बिकट आहे. त्याचा येथे ओझरता उल्लेख पुरे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या जवळपास असल्याचे २०२३ मध्ये शासनाच्याच आकडेवारीतून समोर आले. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर 'समूह शाळां'ची कल्पना पुढे आली. वाडीवरच्या सहा मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यावे, तेथे त्यांना पुरेसे शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळेल, हा विचार वाईट नाही. ती गाडी जुलैच्या पावसात वाडीवर पोहोचते का आणि पोहोचली नाही तर चौथीतली मुलगी ओढा ओलांडून जाते का, यावर तो चांगला की वाईट हे ठरते.

शहरातील वाचकाला आपल्या घराजवळील शाळेचे चित्र पाहायचे असेल, तर ते फार कठीण नाही. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि त्यावरून शाळेचा इयत्तावार पट, शिक्षकसंख्या आणि सुविधांची माहिती संकेतस्थळावर पाहता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. वस्तीत किती मुले दाखलपात्र आहेत आणि त्यांतील किती पटावर आहेत, हा प्रश्न या समितीच्या बैठकीत विचारता येतो.

मात्र दाखलपात्र मुलांचा आकडा सध्या सर्वांत कच्चा आहे. २०११ नंतर ठरल्याप्रमाणे २०२१ मध्ये जनगणना झालीच नाही. शाळेत येण्याच्या वयाची मुले किती, हे त्यानंतर अंदाजाने धरले जात आहे आणि प्रवेशाचे जे टक्के जाहीर होतात, त्यांचा छेद हाच अंदाज असतो. काही वर्गांत हे टक्के शंभराच्या पुढे गेलेले दिसतात. वय उलटून गेलेली किंवा लवकर दाखल झालेली मुले त्यात मोजली जात असल्याने तसे होते. त्यावरून एकही मूल शाळेबाहेर नाही, असा निष्कर्ष निघत नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक केंद्राने जून २०२५ मध्ये जाहीर केला. जुन्या मुंबईतून आणखी किती कुटुंबे बाहेर गेली आणि एम-पूर्वच्या वस्त्यांत सहा वर्षांची किती मुले आहेत, हे त्या मोजणीनंतर कळेल. तोवर शिक्षकांची पदे ठरत राहतील ती पटावरूनच.